पोच मिळाली का? मार्कोनीची गोष्ट, व्हाया दौंड



मी शिरूरचा, आजोळ दौंडचं. शिरूरहून न्हावरा, मग भीमेचा पूल, चौफुला, पाटस आणि तिथून आत वळलं की दौंड. हा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे, आणि मोबाईलची रेंज कुठे कुठे जाते तेही पाठ आहे. मागच्या दिवाळीला मामा मला घ्यायला पाटसच्या फाट्यावर येणार होते. न्हावऱ्याच्या पुढे आमची वडापची जीप पंक्चर झाली. मी मामांना मेसेज टाकला की उशीर होतोय, मी पुन्हा कळवेपर्यंत घरीच थांबा. एक टिक आली आणि रेंज गेली.

मामांना तो मेसेज मिळाला. त्यांनी लगेच बरं म्हणून उत्तर पाठवलं. पण त्या उत्तरावर त्यांना दुसरी टिक दिसेना. मग त्यांना वाटलं, आपण थांबतोय हे पोराला कळलंच नाही तर? तो फाट्यावर बॅगा घेऊन उभा राहायचा. म्हणून ते निघाले, आणि दोन तास उन्हात उभे राहिले. निरोप पोचला होता. त्याची पोच पोचली नाही, एवढ्यावर सगळा घोळ झाला.

घरी आल्यावर मामांनी मला झापलंच. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, वेळेच्या बाबतीत कडक. म्हणाले, याच दौंडात एकेकाळी थेट विलायतेचा वायरलेस उतरायचा, आणि तुम्हाला न्हावऱ्यावरून एक मेसेज धड पाठवता येत नाही. मला वाटलं मामा फेकतायत. नंतर शोधलं तर अक्षरशः खरं निघालं. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी भारत आणि इंग्लंडमधली बीम वायरलेस सेवा सुरू केली. तिचं पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ऐकणारं केंद्र दौंडला. आणि ही पद्धत ज्याच्या कंपनीची, तो माणूस म्हणजे गुग्लिएल्मो मार्कोनी.

शाळेत आपण त्याच्याबद्दल एक ओळ शिकतो: रेडिओचा शोध लावला. त्या ओळीवर वाद आहेत, त्याकडे येतोच. पण मला त्याचं आयुष्य वाचताना दुसरंच काहीतरी दिसत राहिलं. सिग्नल पाठवणं त्याला विशीतच जमलं होतं. तो पोचला हे कळायचं कसं, यात पुढची चाळीस वर्षं गेली. आणि आज सैन्याच्या वायरलेस नेटवर्कसाठी प्रोटोकॉल लिहिणारे इंजिनिअर त्याच प्रश्नावर डोकं खाजवतायत.

बंदुकीचा बार

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील जमीनदार. आई ॲनी जेमसन आयर्लंडची, व्हिस्कीवाल्या जेमसन घराण्यातली. घरात पैसा होता. कॉलेजचं रीतसर शिक्षण मात्र झालं नाही. विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष दाखवून देणारे हाइनरिश हर्ट्झ १८९४ च्या जानेवारीत वारले. त्यांच्या कामाबद्दल वाचून या वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात आलं की या लहरींवरून तार पाठवता येईल. पोन्तेक्कियोच्या घराच्या माळ्यावर त्याने सामान मांडलं आणि सुरुवात केली.

१८९५ मधला प्रसंग प्रसिद्ध आहे. भाऊ अल्फोन्सो रिसीव्हर घेऊन शेतात लांब लांब जायचा. सिग्नल आला की पांढरा रुमाल हलवायचा. पण मार्कोनीला बघायचं होतं की लहर टेकडीपलीकडे जाते का. टेकडीमागचा रुमाल दिसणार कसा? म्हणून भावाने सोबत बंदूक नेली. मार्कोनीने कळ दाबली, आणि टेकडीमागून बार ऐकू आला.

नेटवर्कच्या भाषेत सांगायचं तर तो बार म्हणजे पोच. तुमच्या फोनमध्ये टीसीपी नावाचा प्रोटोकॉल हेच काम करतो. मोठी फाईल तो लहान पाकिटांत तोडतो आणि प्रत्येक पाकिटावर क्रमांक घालतो. समोरून पोच आली की पुढे जातो, ठराविक वेळात नाही आली तर तेच पाकीट पुन्हा पाठवतो. या थराला ट्रान्सपोर्ट म्हणतात. लहर हवेतून कशी जाते हे खालच्या थराचं काम. ती नीट पोचली का, सगळं आलं का, क्रमाने आलं का, हे ट्रान्सपोर्टचं काम.

सैन्य पहिलं गिऱ्हाईक

१८९६ मध्ये मार्कोनी आईबरोबर लंडनला गेला. २ जूनला पेटंटचा अर्ज केला. ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. सप्टेंबरमध्ये सॅलिसबरीच्या माळावर लष्कर आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. पुढच्या वर्षी कंपनी निघाली, आणि मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडीपार फ्रान्सहून इंग्लंडला संदेश गेला. माणूस पंचविशीही पार नव्हता.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. मार्कोनी कंपनीचे इंजिनिअर यंत्रं घेऊन तिकडे गेले. युद्धात वायरलेस नेण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती फसली. अँटेना टांगायला उंच खांब नव्हते. लष्कराने बांबू दिले, ते कोरड्या हवेत चिरले. मग पतंग उडवून तार वर न्यायचा प्रयत्न झाला, पण वारा कधी असायचा, कधी नसायचा. शेवटी सैन्याने नाद सोडला. तीच यंत्रं नौदलाने जहाजांवर चढवली, आणि तिथे चालली! उंच डोलकाठ्या तयारच होत्या, आणि खारं पाणी लहरींना चांगली साथ देतं.

यंत्र तेच, पण जमिनीवर आणि पाण्यावर निकाल वेगळा. लॅबमध्ये चाललेला प्रोटोकॉल रानात चालेल याची गॅरंटी नसते, हे तेव्हापासूनचं आहे.

ज्याची पोच आलीच नाही

१२ डिसेंबर १९०१. कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडमधली सिग्नल हिल ही टेकडी. बाहेर वादळी वारा, पतंगाला बांधलेली अँटेना वरखाली होतेय, आणि मार्कोनी कानाला रिसीव्हर लावून बसलाय. अटलांटिकपलीकडे, सुमारे ३,४०० किलोमीटरवर, इंग्लंडच्या पोल्ढू केंद्रातून एकच अक्षर परत परत पाठवलं जात होतं: मोर्समधले तीन टिंब, म्हणजे एस. त्याला ते ऐकू आलं. त्याने रिसीव्हर मदतनीस केम्पच्या हातात दिला, त्यालाही ऐकू आलं.

पण साक्षीदार दोनच, आणि दोघं एकाच कंपनीचे. कागदावर नोंद नाही. उलट दिशेने पोच पाठवायचं यंत्रही नाही. लोकांनी शंका घेतल्या, आणि काही तज्ज्ञ आजही घेतात, कारण दिवसाउजेडी त्या लांबीची लहर इतकी दूर जाणं कठीण असतं.

मला आवडतं ते त्याचं पुढचं पाऊल. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया नावाच्या जहाजावर चढला. या वेळी संदेश कानाने न ऐकता कागदी पट्टीवर आपोआप उमटवून घेतले, आणि जहाजाच्या कॅप्टनकडून साक्षांकित करून घेतले. म्हणजे लॉग ठेवला, तोही तिसऱ्या माणसाच्या सहीचा. याच प्रवासात कळलं की रात्री सिग्नल दिवसापेक्षा कितीतरी लांब जातो. आयनांबराचं कोडं इथून पुढे सुटत गेलं.

आता वादाचं. सिग्नल हिलवर वापरलेला लोखंड आणि पाऱ्याचा ग्राहक इटालियन नौदलाच्या नावाने ओळखला जायचा. तशाच रचनेबद्दल आपल्या जगदीशचंद्र बोस यांचा निबंध १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला होता. बोस यांना श्रेय द्यायला हवं होतं, मार्कोनीने दिलं नाही. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या ट्यूनिंगच्या पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले. लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचं काम आधीचं होतं. माझं मत विचाराल तर मार्कोनी हा एकट्याने शोध लावणारा नव्हे. तो इतरांचे तुकडे जोडून चालतं नेटवर्क उभं करणारा आणि ते विकणारा माणूस. हेही सोपं काम नाही राव.

पहिला हॅक आणि बिझी लाईन

१९०३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जाहीर प्रात्यक्षिक होतं. मार्कोनी पोल्ढूहून संदेश पाठवणार आणि प्राध्यापक फ्लेमिंग सभागृहात तो दाखवणार. कार्यक्रमाच्या आधीच यंत्र खडखडायला लागलं आणि त्यावर एक चिडवणारा शब्द पुन्हा पुन्हा उमटला, मग मार्कोनीची टिंगल करणारं यमक. जवळच ट्रान्समीटर लावून हे करणारा होता नेव्हिल मॅस्कलिन, पेशाने जादूगार. मार्कोनी सांगायचा की ट्यूनिंगमुळे आमचे संदेश सुरक्षित आहेत. मॅस्कलिनने भर सभेत दाखवलं की तसं काही नाही. हवा सगळ्यांची असते. ऐकायलाही, आणि गोंधळ घालायलाही. सैन्याच्या नेटवर्कमध्ये या गोंधळालाच जॅमिंग म्हणतात.

१९०९ मध्ये मार्कोनीला कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडालं. त्यावरचे दोन्ही ऑपरेटर मार्कोनी कंपनीचे होते. त्यांच्या संदेशामुळे कार्पेथिया जहाज आलं आणि सातशेच्या वर माणसं वाचली. मार्कोनी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होता, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

पण त्याच रात्रीची दुसरी बाजू बघा. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फामुळे थांबलोय असा इशारा देऊ केला होता. टायटॅनिकचा ऑपरेटर प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग उपसत होता. त्याने कॅलिफोर्नियनला गप्प बसायला सांगितलं. थोड्या वेळाने तिकडचा ऑपरेटर सेट बंद करून झोपायला गेला, आणि त्यानंतर काही मिनिटांत टक्कर झाली. एका चॅनेलवर गर्दी, आणि जिवाचा संदेश शुभेच्छांच्या तारांमागे रांगेत. म्हणून आज सैन्याच्या संदेशांना प्राधान्याचे शिक्के असतात. वरच्या दर्जाचा संदेश आला की खालचा अर्धवट तोडून त्याला वाट द्यायची.

गर्दीवरून टीसीपीची एक खोड सांगतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला, एकमेकांपासून जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. सगळी कॉम्प्युटर न पोचलेली पाकिटं पुन्हा पुन्हा ढकलत होती. त्यावर उपाय म्हणून टीसीपीला शिकवलं गेलं की पाकीट हरवलं म्हणजे पुढे ट्रॅफिक आहे असं समज आणि वेग कमी कर. तारांच्या जाळ्यात हे बरोबर. पण वायरलेसमध्ये पाकीट हरवतं ते डोंगर आडवा आला म्हणून, किंवा शत्रूने जॅमिंग केलं म्हणून. तिथे रस्ता मोकळाच असतो, आणि बिचारा टीसीपी उगाच ब्रेक दाबत बसतो. गंमत म्हणजे टीसीपीचा जन्मच अमेरिकी सैन्याच्या पैशातून झाला. २२ नोव्हेंबर १९७७ ला त्याची मोठी चाचणी झाली, तेव्हा संदेश धावत्या व्हॅनमधल्या रेडिओवरून निघून उपग्रह आणि तारांच्या जाळ्यांतून फिरून आला होता.

झोत थेट दौंडवर

पहिल्या महायुद्धात मार्कोनी इटलीच्या सैन्यात आणि मग नौदलात अधिकारी होता. त्याआधी १९१२ मध्येच मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला होता. युद्धात त्याला एक गोष्ट खटकली. सगळे लांब लहरींच्या मागे लागले होते, आणि त्या चहूकडे पसरतात, शत्रूही ऐकतो. म्हणून १९१६ मध्ये त्याने चार्ल्स फ्रँकलिन या सहकाऱ्याबरोबर अगदी आखूड लहरींवर प्रयोग सुरू केले. मागे परावर्तक लावला की आखूड लहरी टॉर्चच्या झोतासारख्या एका दिशेला जातात. हेतू सरळ लष्करी होता: हवं त्यालाच ऐकू जावं.

युद्धानंतर त्याने एलेत्रा नावाची बोट घेतली आणि तिचीच तरंगती प्रयोगशाळा केली. १९२३ मध्ये बोट आफ्रिकेजवळ केप व्हर्डेपर्यंत नेली आणि पोल्ढूचे शॉर्टवेव्ह संदेश ऐकत राहिला. कमी वीज लावूनही सिग्नल खणखणीत होता. तोवर ब्रिटिश सरकार साम्राज्यभर लांब लहरींची अवाढव्य केंद्रं बांधायच्या बेतात होतं. मार्कोनीने स्वतःच्याच जुन्या पद्धतीवर फुली मारून बीमची बोली लावली. जुलै १९२४ मध्ये करार झाला. अट होती मिनिटाला शंभर शब्दांची, तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी.

दोन्ही दिशांनी एकाच वेळी, म्हणून खडकी आणि दौंड वेगवेगळे. ट्रान्समीटर शेजारीच ओरडत असेल तर सात समुद्रापलीकडची कुजबुज कशी ऐकू येणार? म्हणून पाठवायचं खडकीहून आणि ऐकायचं तिथून बऱ्याच लांबच्या दौंडला. इंग्लंडमध्येही तसंच, ग्रिम्सबीहून पाठवायचं आणि स्केग्नेसला ऐकायचं. आयनांबराचा मूड बदलतो म्हणून दिवसा एक लहर, रात्री दुसरी.

आणि पोचेचं काय? अशा तारव्यवहारात पट्टीवर अक्षरं पुसट उमटली की ऑपरेटर परतीच्या मार्गाने तेवढेच शब्द पुन्हा मागवायचा. सगळा संदेश नाही, फक्त गाळलेला तुकडा. १९४० च्या दशकात व्हान ड्यूरेन या डच अभियंत्याने हेच काम यंत्रावर टाकलं. प्रत्येक अक्षरात ठराविक खुणा असायच्या, मोजणी चुकली की यंत्र स्वतःच अक्षर पुन्हा मागायचं. नाटो देशांची सैन्यं शॉर्टवेव्ह रेडिओवर डेटा पाठवायला स्टॅनाग ५०६६ हे मानक वापरतात, त्याच्या पोटात हीच कल्पना आहे. हवेत हरवलेला तुकडा तिथल्या तिथे पुन्हा मागून घ्यायचा, वरच्या टीसीपीला घाबरवायचं नाही.

बार काढला तर मेलो

आतापर्यंत पोच म्हणजे चांगलीच गोष्ट, असं वाटलं असेल. युद्धात तीच घातक ठरते. मार्कोनी कंपनीचेच एक इंजिनिअर, एच. जे. राउंड, यांनी महायुद्धात ब्रिटिशांसाठी रेडिओची दिशा शोधणारी केंद्रं उभारली. १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईआधी जर्मन जहाजांनी जागा बदलल्याचं अशा केंद्रांनी त्यांच्या सिग्नलवरूनच हेरलं. टेकडीमागच्या भावाने बंदूक उडवली तर भाऊ कुठे आहे हे शत्रूलाही कळतं.

म्हणून जहाजं रेडिओ मौन पाळतात. ऐकतात सगळं, बोलत काहीच नाहीत. मग पाठवणाऱ्याने करायचं काय? यासाठी एसीपी १४२ नावाचा लष्करी प्रोटोकॉल आहे. त्यात एकाच वेळी अनेकांना संदेश जातो. जे मौनात आहेत त्यांच्या पोचेसाठी अडून बसायचं नाही, ठराविक वेळा संदेश पुन्हा प्रसारित करायचा. मौन संपल्यावर ते जहाज सावकाश सांगतं की मिळालं, किंवा अमुक तुकडे राहिलेत. सोबत जादा माहिती जोडतात, म्हणजे थोडं हरवलं तरी उरलेल्यावरून मूळ संदेश बांधता येतो.

आणि मामांचा आणि माझा घोळ? त्याला कॉम्प्युटरवाले दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात. समजा, एक सेनापती शिरूरला, दुसरा दौंडला, मध्ये शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार. शिरूरवाला स्वार धाडतो: पहाटे निघू. स्वार वाटेत पकडला जाऊ शकतो, म्हणून दौंडवाल्याने पोच द्यायला हवी. पण पोच घेऊन जाणारा स्वारही पकडला जाऊ शकतो, म्हणून पोचेची पोच हवी. मग तिची पोच. १९७५ पासून हे गणिताने सिद्ध आहे की वाट बेभरवशाची असेल तर कितीही स्वार धाडा, दोघांची पक्की खात्री कधीच होत नाही.

शेवटची दहा वर्षं

दौंडचं केंद्र सुरू झालं त्या उन्हाळ्यात, जून १९२७ मध्ये, मार्कोनीने दुसरं लग्न केलं. तब्येत खालावत होती, हृदयविकार सुरू झाला होता. पण या काळातली न पटणारी गोष्ट वेगळी आहे. तो १९२३ मध्येच मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला होता. १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला, आणि उमेदवारांच्या यादीत ज्यू शास्त्रज्ञांच्या नावापुढे खूण करून त्यांना बाहेर ठेवलं गेल्याची कागदपत्रं पुढे सापडली. जगाला जोडणारा माणूस म्हणून त्याचे पुतळे आहेत, म्हणून हेही लिहायला हवं.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये तो गेला. वय ६३. ब्रिटनमध्ये पोस्टाची वायरलेस केंद्रं आणि बीबीसी यांनी त्याच्यासाठी दोन मिनिटं प्रसारण थांबवलं.

खडकी आणि दौंडची सेवा चालवणारी कंपनी १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. तिचं ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झालं, १९८६ मध्ये व्हीएसएनएल, आणि आज टाटा कम्युनिकेशन्स. हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आमच्यापुरता एक प्रोटोकॉल ठरवून टाकला: ठरल्या वेळेनंतर अर्धा तास वाट बघायची, तोवर फोन आला नाही तर मामा घरी परत जाणार आणि मी पाटसवरून मिळेल त्या रिक्षाने यायचं. पोच मिळो न मिळो.